नाद निमेपर्यंत

वैशाखाचे ऊन. शुभ्र, निःशब्द, निर्दय ऊन. कृष्णेचे पात्र आटून निळ्या रेघेएवढे उरलेले, घाटाच्या पायऱ्या तापलेल्या, आणि मठाच्या फरसबंद अंगणात पांढऱ्या धोतरांवर मांडलेली पिवळी पाने, पाने, पाने. वर्षातून एकदा, वैशाख शुद्ध अष्टमीला, मठातल्या पोथ्यांना ऊन दाखवायचे अशी रीत होती. कसर लागू नये म्हणून. एरवी वर्षभर त्या अंधारात असत.

सुलोचनेला तो अंधारच खुपत होता. दुधावर झाकण ठेवतात ते मांजरामुळे. ज्ञानावर कुणामुळे ठेवतात?

विश्वंभर तिचा नवरा. जमीनमोजणीत उभा जन्म घालवलेला. भावाभावांच्या भांडणात बांधावर उभे राहून वितीचेही नेमके माप सांगणारा. निवृत्त झाला आणि सहज मठात गेला. एक दिवस गेला, रोज गेला, नऊ वर्षे गेला. ज्याने आयुष्यभर मोजले, त्याला मोजता न येणारे काहीतरी सापडले होते. डोळ्यांत एक दूरची, नीलगंभीर, तिच्या वाट्याला न येणारी शांतता घेऊन तो घरी येई. भाजीत मीठ नसले तरी बोलत नसे.

तिला आधी दुसऱ्या बाईचा संशय आला. मग मठाच्या भार्गवबुवांचा आला. मग मठात पूजल्या जाणाऱ्या त्या एका पोथीचा आला, आणि तो मुक्कामालाच राहिला.

पोथीचे शेवटचे पान गुप्त होते. दीक्षा घेतलेल्यालाच ते दिसे, आणि दिसले तरी उच्चारायचे नसे. सात ओळी मनात घोळवायच्या, जन्मभर घोळवायच्या. प्रवचनात बुवा त्यांचा अर्थ तेवढा सांगत. ज्योत म्हणजे प्राण. पालथे पात्र म्हणजे मस्तक. ताम्रपात्र म्हणजे हृदय. तीन पिढ्या त्या अर्थाच्या डोहात उतरल्या होत्या, आणि तळ कुणालाच लागला नव्हता. तळ लागत नाही म्हणूनच माणसे उतरत राहतात की काय, असे तिला वाटे.

येत्या पौर्णिमेला विश्वंभर कायमचा मठात राहायला जाणार होता. चाळीस वर्षांचा संसार, आणि हातात सात दिवस.

"मी काय करायचं मागे?" तिने विचारले होते.

"तूही नाम घे, सुलू," तो म्हणाला होता. इतक्या प्रेमाने म्हणाला होता, की तिला त्याचा धड रागही येईना.

त्या अष्टमीला पानांवर वेखंडाची पूड भुरभुरायला साधकांच्या घरच्या बायका आल्या होत्या. शेवटच्या पानावर लाल रुमाल होता. "तिकडे बघू नका," बुवांनी दरवर्षीप्रमाणे बजावले. सुलोचनेने दरवर्षीप्रमाणे मान डोलावली.

आणि वारा आला. धुळीचा, वावटळीचा, वैशाखाचा वारा. रुमाल उडाला, पान उडाले, आणि ते धरायला सगळ्यांत जवळ तीच होती. आयुष्यात प्रथमच तिने कशाचाही संशय न घेता हात पुढे केला, आणि वाचले.

*तिळाच्या तेलाचा दिवा लावावा. वर पात्र पालथे धरावे. धरेल ती काळिमा जपून घ्यावी. बाभळीचा डिंक माक्याच्या रसात विरघळवावा. सर्व तांब्याच्या पात्री घालून निंबाच्या लाकडाने सात दिवस घोटावे. घोटता घोटता नाद निमेल. तेव्हा सिद्ध झाले जाणावे.*

तिचे वडील पोथ्यांच्या नकला करून देत. परकरी वयात तिने हेच काजळ धरले होते, हाच डिंक भिजवला होता, मनगट दुखेपर्यंत हेच घोटले होते. ही शाई होती. पोथी लिहून झाली की उरलेल्या पानावर नकला करणारे शाईची कृती टिपून ठेवीत, वडीलही ठेवीत. तेवढे एक पान उन्हाच्या मांडामांडीत केव्हातरी पोथीत शिरले, आणि देव झाले.

तिला हसू आले. मग ते मावळले, कारण अंगणाच्या पलीकडे विश्वंभर डोळे मिटून बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते. ती ओळ कोणती, हे आता तिला कळत होते.

सांगितले तर तो म्हणेल, तुला कळणार नाही. किंवा, त्याहून वाईट, त्याला कळेल. तिने पान रुमालाखाली ठेवले आणि ती घरी आली.

दुसऱ्या सकाळी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिळाच्या तेलाचा दिवा लागला. वर पालथे ताट. ताटाला काळोख धरत गेला. मऊ, मखमली, मुठीत मावेल एवढा काळोख. विश्वंभर दारात येऊन थबकला. पाहत राहिला. मग निघून गेला.

मग घोटणे सुरू झाले. खर्र, खर्र, खर्र. सकाळी खर्र, दुपारी खर्र. ओसरीत, माजघरात, त्याच्या ध्यानात, तिच्या मनगटात. बुवांचा संशय घोटला, पोथीचा घोटला, चाळीस वर्षांत न विचारलेले प्रश्न घोटले. पाचव्या दिवशी वार कोणता हेच ती विसरली. आपण बराच वेळ कशाचाच विचार केलेला नाही, हे ध्यानात आले तेव्हा ती दचकली. तिने त्या शांततेकडेही संशयाने पाहिले.

सातवा दिवस. पौर्णिमा. ओसरीवर त्याचे गाठोडे बांधून ठेवलेले. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"जायचं तर जा खुशाल," ती मान वर न करता म्हणाली. "पण तोंड काळं करायला आधी शाई तरी होऊ द्या."

तो खाली बसला. कान देऊन ऐकू लागला.

"अजून नाद आहे," तो म्हणाला.

आणि त्याने तिच्या हातातले लाकूड घेतले. तो घोटू लागला. नऊ वर्षे मनात घोळवलेले आज हाताने घोटू लागला. आवाज बारीक झाला, विरळ झाला, रेशमाचा झाला. मग नव्हताच. दोघे त्या नसलेल्या आवाजाकडे कान लावून बसली. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होते.

"शाई होती, सुलू," तो म्हणाला. "नऊ वर्षं."

ती जिंकली होती, आणि जिंकल्याचा असा कडू घोट तिने कधी घेतला नव्हता. तिने त्याचा काळा हात आपल्या काळ्या हातात धरला.

दारात भार्गवबुवा उभे होते. "निघायचं ना, विश्वंभरराव?"

"हात काळे आहेत, बुवा. मी नाही येत."

बुवांनी दिवा पाहिला, पालथे ताट पाहिले. पुढे येऊन, वाकून, तांब्याच्या भांड्यात बराच वेळ पाहिले.

"छान उतरलीय," ते हळूच म्हणाले, आणि एकटेच उतार उतरून गेले. त्यांना पहिल्यापासून ठाऊक होते की काय, हा संशय सुलोचनेला आजही आहे.

विश्वंभरने बोरू घेतला. नकाशावर नावे घालणाऱ्या त्या स्थिर हाताने त्याने सात ओळी कोऱ्या कागदावर उतरवल्या, आणि कागद खिडकीच्या उन्हात सुकत ठेवला. मग गाठोडे सोडून त्यातले पंचे घडी करून फडताळात ठेवले.

तो आत गेल्यावर ती खिडकीशी आली. तिळाचे तेल. बाभळीचा डिंक. माक्याचा रस. शाईची कृती, दुसरे काही नाही. तिने पुन्हा वाचले. दुसरे काही नाही.

मग हळूच, कुणी पाहत नाही ना असे पाहून, तिने कागद उलटून बघितला. मागची बाजू कोरी होती. शुभ्र, उन्हाने भरलेली, कोरी. आणि त्या कोऱ्याकडे ती पाहत राहिली, पाहत राहिली, ऊन खिडकीवरून उतरेपर्यंत.