भुरीचा खाकी अंगरखा

दहिवलीत भाताची झोडणी आटोपून कणगी भरली, की ती बातमी माणसांच्या आधी घुशींना लागते. मग घरोघरी एकच रडगाणं. नागूच्या घरीही तेच चाललं होतं. नागू भिवपुरीच्या वीजघरात खलाशी, म्हणजे यंत्रांवरचा मदतनीस, होता. खाकी कपडे, सायकल, कायमची नोकरी. त्यामुळे आळीत त्याच्या शब्दाला वजन होतं, आणि ते वजन तो फार जपायचा. घरात भुरी नावाची मांजर चार वर्षं कणगी राखत होती. पण यंदा घुशी जास्तच झाल्या, म्हणून नागूने बाजारातून एक लोखंडी चाप आणला.

त्याची बायको सोनुबाई म्हणाली, “अवो, भुरी तितंच निजते. तिचा पाय पडल.”

“मांजराला अक्कल असते,” नागू म्हणाला आणि चाप लावून मोकळा झाला.

अक्कल कोणाला नव्हती ते तिसऱ्या दिवशी सकाळी कळलं. भुरीचा मागचा डावा पाय चापात चिरडला होता. ती ओरडतही नव्हती, नुसती बघत होती. नागूने चाप उघडला, तिला सोडवलं आणि मग त्याला घाम फुटला. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून मांजराला मुद्दाम कोणी मारत नाही. पण वाचकहो, मांजर जखमी झालं तर आपण काय करतो? पोत्यात घालतो आणि लांब माळावर सोडून येतो. आपल्या घरात मेलं नाही ना, मग आपण सुटलो! नागूनेही भाताचं रिकामं पोतं उचललं.

सोनुबाई म्हणाली, “जिती हाय वो ती अजून!”

“जिती हाय तवाच न्यायला पायजे. घरात मेली तर पाप आपल्या माथी.”

तो पोतं घेऊन निघाला तोच शेजारची सफुराबी आडवी आली. रस्त्याला तिचं बांगड्यांचं दुकान. वयाने नागूहून मोठी, जिभेने तिखट, आणि दुकानातल्या गादीवर कायम दोन मांजरं पसरलेली. गिऱ्हाइकाने मांजराला हुसकावलं तर त्याला बांगडी मिळायची नाही.

“काय रं नागू, पोत्यात काय हाय?”

“भुरी. चापात घावली. माळावर सोडून येतो. घरात मेली तर पाप लागल.”

“आनि माळावर मेली तर कुनाला लागल? माळाला?”

नागूने पोतं या हातातून त्या हातात घेतलं.

“चाप तू आनलास, तूच लावलास,” सफुराबी म्हणाली. “आनि देव काय तुज्या उंबऱ्यापत्तुरच बगतो? तुला पापाचं भ्या हाय नागू, पन त्या मुक्या जिवाची दया नाय. दोनी येक नाय रं बाबा!”

आळीतली चार माणसं ऐकत होती. नागूचं नाक लाल झालं. पोतं ओटीवर ठेवून तो म्हणाला, “मग तुमी दोघी काय करायचं ते करा. मी हात लावनार नाय. मेली तर तुमच्या माथी!” आणि सायकल काढून तो चालू लागला.

पंचवीस वर्षांच्या संसारात सोनुबाईने नवऱ्याचा शब्द मोडला नव्हता. तिने पोतं उचललं आणि सफुराबीला घेऊन ती कर्जतला गुरांच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टर तरुण होते. पोत्यातून मांजर निघालेलं पाहून त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. “तीन वर्षं झाली मला इथे येऊन,” ते म्हणाले. “बैल आले, म्हशी आल्या, शेळ्या आल्या. मांजर घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्याच.” मग त्यांनी पाय बघितला. “हा वाचणार नाही. वरून कापावा लागेल.”

“पन ती जगल का, डॉक्टरसाहेब?”

“ऑपरेशन मी करतो. पुढे जगवायचं तुम्ही.”

संध्याकाळी भुरी घरी आली ती तीन पायांची आणि अर्धवट गुंगीत. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं: उडी मारू द्यायची नाही, जखम कोरडी ठेवायची, तिच्यावर हळद नको, तेल नको, आणि फिनेल तर घराबाहेरच ठेवा. मुख्य म्हणजे तिला टाके चाटू द्यायचे नाहीत. दहाव्या दिवशी काढायला आणा. सोनुबाईने कोंबड्यांचं डालगं घासून धुतलं, माळावर जायला निघालेलं ते पोतं घडी करून खाली अंथरलं आणि त्यावर भुरीला ठेवून डालगं झाकलं. शेजारी घमेल्यात रेती. दर घटकेला कापसाच्या बोळ्याने ती तिच्या तोंडात पाणी सोडायची. नागू पाठ करून जेवला आणि पाठ करूनच निजला.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी सोनुबाईला शेतावर जाणं भाग होतं. वालाच्या शेंगा तयार झाल्या होत्या आणि अजून एक दिवस थांबलं तर त्या वाळून फुटल्या असत्या. नागूची पाळी दुपारची. ती जाताना एवढंच म्हणाली, “नुसतं लक्ष ठेवा. हात लावू नका, झालं?” या बोलण्यातली कोपरखळी नागूला बरोबर लागली.

तो ओटीवर पाठमोरा बसला, पण कान घरातच होते. थोड्या वेळाने आतून खसखस आवाज येऊ लागला. त्याने वळून बघितलं. डालग्यात भुरी वाकडी होऊन टाके चाटत होती. दोन टाके सुटले होते आणि पोत्यावर रक्त उतरलं होतं.

“सोनू! अगं सोनू!” तो ओरडला. पण सोनू वालाच्या शेतात. हात लावला आणि ती हातातच गेली तर? आणि नाही लावला तर डोळ्यांदेखत जाणार! नागू तसाच उभा राहिला, आणि एकदम त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, हात न लावणं म्हणजेसुद्धा माळावर सोडून येणंच की! तीन दिवस आपण घरातच माळ करून बसलो होतो!

त्याने डालगं उचललं आणि भुरीला धरलं. तिने त्याच्या मनगटावर नखं रोवली. रक्त आलं, पण त्याने सोडलं नाही. “ओरबाड, बये, ओरबाड,” तो म्हणाला. “हक्क हाय तुजा.” आणि त्याला रडू आलं.

सायकलच्या पुढच्या टोपलीत पोतं घालून त्याने भुरीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सुटलेले टाके पुन्हा घातले. नागूची पाळी बुडाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा! परत येताना तो थेट सफुराबीच्या दुकानात शिरला.

“सफुराबी, सुईदोरा काड. हिनं चाटू नाय असं कायतरी शिवून दे.”

सफुराबीने त्याच्याकडे बघितलं, मनगटाकडे बघितलं. बोलायला तिच्याकडे पुष्कळ होतं, पण ती एवढंच म्हणाली, “कापड आन. आनि शिवायचं तू. मी शिकवते.”

नागूने घरून आपली गणवेशाची जुनी पँट आणली. तिचा एक पाय कापला, त्याला तीन पायांसाठी तीन भोकं पाडली, पाठीवर बांधायला नाड्या लावल्या. सुई आठ वेळा बोटात गेली. शेवटी भुरी खाकी अंगरखा घालून बसली, आणि तिला टाक्यांपर्यंत तोंड नेता येईना!

पुढचे सात दिवस नागू तिचा दास झाला. पेजेत सुकट कुस्करून तो बोटाने भरवायचा. पहिल्यांदा तिने चाटून वाटी साफ केली, तेव्हा त्याने ती वाटी आळीत नेऊन दाखवली. वीजघरातल्या पोशा नावाच्या सोबत्याने चेष्टा केली, “काय नागू, खाकी घालून मांजर भरती केलीस म्हनं?”

“केली. माज्यापेक्षा हाजरी चांगली हाय तिची.”

दहाव्या दिवशी टाके निघाले. “घरच्यांनी चांगली जपली,” डॉक्टर म्हणाले. नागूने बायकोकडे बोट केलं. “आधी हिनं. मला उशिरा कळलं.” सोनुबाईने पदराने तोंड झाकलं, पण तिची मान ताठ होती.

पुढे भुरीने मोठी घूस मारली आणि सगळ्यांची तोंडं बंद केली, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तिने पुन्हा घूस धरली नाही. नागूने कणगी दगडांवर उचलली, बूड नीट सारवून घेतलं आणि चाप लोहाराला देऊन टाकला. एकदा आळीतला मालोजी बोलून गेला, “आता ही लंगडी काय कामाची?”

“तुजा म्हातारा काय कामाचा हाय रं?” नागूने विचारलं. “घरचा हाय ना? तशीच ही.”

पुढच्या वर्षीची गोष्ट. माळाच्या वाटेवर आळीतलाच कमळ्या पोतं घेऊन चालला होता. पोतं हलत होतं. नागूने सायकल आडवी घातली.

“नागूदादा, कुत्र्यानं मांजर फाडलीय. घरात मेली तर पाप लागल,” कमळ्या म्हणाला.

“आनि माळावर मेली तर कुनाला लागल? माळाला?”

वाटेवरच्या पारावर बसलेली माणसं बघू लागली. आळीतलं आपलं वजन जपणारा नागू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मी बी असाच निगालो व्हतो. चाप मीच लावला व्हता. चूक माजी व्हती, आनि पोत्यात तिला घालीत व्हतो! चल, दवाखाना दावतो.”

मित्रहो, पापाला भिणारी माणसं आपल्यात खूप आहेत. पण पापाला भिऊन हात मागे घेणं ही दया नव्हे. ज्या जिवाने आपलं घर राखलं, त्याच्या दुखण्यात हात पुढे करणं ही दया. ती करायला सोन्याचं मांजर लागत नाही, जुन्या पँटचा एक पाय पुरतो.

त्या दिवशी संध्याकाळी नागूने खुंटीवर आपल्या गणवेशाशेजारी टांगलेला तो अंगरखा काढला आणि कमळ्याच्या मांजरीसाठी दिला. तिचे चारही पाय शाबूत होते, म्हणून सफुराबीने त्याला चौथं भोक पाडलं. त्याच्या कडा नागूने स्वतः शिवल्या, आणि या वेळी सुई त्याच्या बोटात एकदाही गेली नाही.