ओर्सहुल्टची न झालेली लढाई

सिग्ने हालबेक ही लुंड शहरातल्या विद्यापीठात इतिहास शिकवायची आणि वाद अंगावर घ्यायची तिला हौसच होती. प्रबंधाच्या वेळी भरसभेत मोठमोठ्या पंडितांनी तिची उलटतपासणी घेतली, तेव्हा घाम फुटला तो पंडितांना. १९३६ साली पक्षाने तिला संसदेच्या निवडणुकीला उभं केलं. मतदारसंघ तिच्या जन्मगावाचाच, स्मोलांड प्रांतातला. आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात गावाने, म्हणजे ओर्सहुल्टने, ओढ्याच्या उतारावर एक भलामोठा दगड उभा केला. त्यावर कोरलं होतं, ‘इथे आमच्या शेतकऱ्यांनी डेन्मार्कच्या घोडदळाला धूळ चारली.’

दगड-समितीचा अध्यक्ष होता तिचा बाप, आल्गोत. अनावरणाचं भाषण लेकीनेच करायचं, हे त्याने परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

आदल्या दिवशी दुपारी सिग्ने घरी आली. बाप उकडलेले बटाटे सोलत होता.

“बाबा, ही लढाई झालीच नाही.”

सुरी थांबली. “झाली नाही? मग आमच्या आज्याला नांगरताना नाल सापडला तो?”

“तो घोड्याचा होता बाबा. लढाईचा नव्हता.”

“तीनशे वर्षं गाव सांगतंय! अख्खं गाव खोटारडं आणि तू एकटी शहाणी?”

“खोटारडं नाही, विसरभोळं. त्या वेळी डेन्मार्कची सीमा आपल्या ओढ्यावर होती. मी दोन्ही बाजूंच्या कचेऱ्यांतली दप्तरं वाचली. त्या युद्धात इथे घोडदळ आलंच नाही. आपले शेतकरी आणि पलीकडचे शेतकरी ओढ्यावर भेटले आणि त्यांनी आपापसात तह केला. राजांना लढायचंय तर लढू देत, आपण एकमेकांची घरं जाळायची नाहीत.”

आल्गोतने ताटलीतला बटाटा बाजूला सारला. “हे उद्या तिथे बोलणार?”

“हो. म्हणून आज तुम्हाला सांगायला आले.”

“मग मला सांगितलंस कशाला? विचारायला आली असतीस तर गोष्ट वेगळी.” एवढं बोलून तो गोठ्याकडे निघून गेला.

सकाळी पक्षाचा माणूस एव्हर्ट मोटार घेऊन वेक्शोहून आला. वाटेत तिने त्यालाही सांगितलं. त्याने गाडी कडेलाच घेतली.

“बाई, तुमच्या पाया पडतो. ‘शौर्य’ म्हणा, ‘पूर्वज’ म्हणा आणि खाली उतरा. सप्टेंबरात मतदान होऊ दे, मग पाहिजे तर पुस्तक लिहा.”

“निवडणुकीआधी एक आणि नंतर दुसरा, असा इतिहास मला शिकवता येत नाही, एव्हर्ट. चला, उशीर होतोय.”

उतारावर गाव लोटलं होतं. बँड वाजला, पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हटली, दगडावरचं कापड ओढलं गेलं. सिग्ने मंचावर चढली आणि आडवळणं न घेता तिने ओढ्यावरच्या तहाची हकीकत सांगितली. आधी कुजबुज झाली, मग गलका. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या हुल्दाने काठी आपटली.

“म्हणजे आमचे पूर्वज भेकड होते म्हण की!”

“हुल्दाआजी, शत्रूशी परस्पर तह केला तर राजा काय करायचा माहीत आहे? डोकं उडवायचा. राजा पाठीशी असताना तलवार कुणीही उपसेल. हे लोक राजाच्या मर्जीविरुद्ध, रिकाम्या हातांनी शत्रूपुढे जाऊन बसले. आता भेकड कोण ते तुम्हीच सांगा.”

“आणि पोटाला काय खात होते? तह?” मागून कुणीतरी ओरडलं.

“पलीकडचं मीठ! आणि त्यांना आपले बैल विकत होते.”

“शत्रूला बैल?”

“घासाघीस करून! स्मोलांडची माणसं ती, फुकट देतील होय?”

हशा पिकला. गाव करी ते राव न करी, हे कुणाला आवडत नाही? पण हशा विरायच्या आतच आल्गोत उठला, टोपी डोक्यावर दाबली आणि कुणाकडे न बघता चालता झाला. सिग्नेला ते दिसलं. तिने पाण्याचा घोट घेतला आणि उरलेलं भाषण एकही शब्द न गाळता पुरं केलं.

पुढचे आठवडे धामधुमीचे गेले. एका वर्तमानपत्राने तिला ‘डेन्मार्कची लेक’ म्हटलं. तिने तीच पदवी पुढच्या सभेत स्वतःच सांगितली आणि टाळ्या घेतल्या. ओर्सहुल्टमध्ये पक्षाची मतं घटली ती घटलीच. पण ओढ्याकाठच्या बाकीच्या गावांत लोक मुद्दाम ऐकायला येऊ लागले. युरोपभर पुन्हा तोफा ओतल्या जात होत्या आणि शेजाऱ्याशी न भांडलेल्या माणसांची गोष्ट त्यांना पुन्हा पुन्हा ऐकायची होती. सिग्ने निवडून आली, काठावर का होईना.

समितीतल्या काहींना आता दगड उपटायचा होता. तिने राजधानीतून, स्टॉकहोमहून निरोप धाडला, “राहू द्या. १९३६ साली आपल्याला काय खरं वाटावंसं वाटत होतं, तेही इतिहासातच जमा आहे.”

वसंतात ती विद्यार्थ्यांना घेऊन उतारावर आली. बापाशी बोलणं नव्हतं ते नव्हतंच. एक विद्यार्थी अक्षरं वाचत असताना आल्गोत झाडांमधून चालत आला. अंगात रविवारचा कोट.

“पलीकडच्या गावांत जाऊन आलो,” तो लेकीकडे न बघता म्हणाला. “तीन म्हाताऱ्यांना विचारलं. तिघेही म्हणतात, तह इथे नाही झाला, वर गिरणीजवळ झाला. तुझंही चुकतं म्हणायचं.”

“पुरावा काय?”

“म्हातारे सांगतात!”

“आपलेही म्हातारेच सांगत होते, बाबा.”

विद्यार्थी हसू दाबत होते. आल्गोतने त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं, मग त्याच्याच मिशीत हसू फुटलं.

“बरं, मग पुरावा कसा शोधतात ते सांग. पण आधी या पोरांना घरी आण. कॉफी चुलीवर ठेवून आलोय.”