खंडेनवमीचं कार्ड

वरकुट्याच्या शकुबाईचा जीव दोन गोष्टींत अडकलेला. एक लेक ऋषिराज, आणि दुसरं त्याच्या कंपनीकडून मिळालेलं आरोग्य विम्याचं कार्ड. खंडेनवमीला तिचा नवरा गेणबा विळा, कोयता, खुरपं पुजायला मांडायचा, तेव्हा ती त्यांच्या शेजारी ते कार्डही ठेवायची आणि हळदकुंकू वाहायची. "लेकानं दिलेलं हत्यार हाय हे. आता दुखण्याला भ्यायचं न्हाय," असं गल्लीभर सांगायची.

ऋषिराज बारामतीला एमआयडीसीत नोकरीला. कंपनी फुकट विमा त्याचाच काढायची. आईवडिलांचा हप्ता त्याच्या पगारातून जायचा. त्या हप्त्यावर करात सूट मिळते म्हणून तो भरायचा. मग नवी करपद्धत आली. तीत कर कमी, पण हप्त्यावरची सूट गेली. "सूटच नाही तर भरायचं कशाला?" असं डबा खाताना सगळेच म्हणाले, आणि या पठ्ठ्यानंही एप्रिलमध्ये दोघांची नावं काढून टाकली. घरी चकार शब्द बोलला नाही. पुढच्या एप्रिलला वाटलंच तर पुन्हा घालू, त्यात काय एवढं!

दिवाळीनंतर शकुबाईला धाप लागायला लागली. चुलीपासून उंबऱ्यापर्यंत येईस्तोवर बसकण मारायची. एकदा म्हणाली, "ऋषी, बारामतीच्या मोठ्या दवाखान्यात दाखवू या का रं? कार्ड हाय की."

ऋषिराजला खर्चाची धास्ती होतीच, पण खरं सांगायची त्याहून जास्त. "एप्रिल लागू दे, आई. मग सगळ्या तपासण्या नीट करू."

तिनं मान डोलावली. लेक सांगतोय म्हणजे विचार करूनच सांगत असणार, असं मानणारी बाई ती!

माघात ती गेली. एप्रिल काही तिनं बघितला नाही.

यंदाच्या खंडेनवमीला गेणबानं विळ्याशेजारी कार्ड मांडलं. तिनं वाहिलेलं कुंकू अजून त्यावर होतं. ते बघून ऋषिराजला स्वतःची शिसारी आली.

"तात्या, नका ठेवू ते. ते बंद होतं. मीच तुमची नावं काढली होती."

गेणबाचा हात थांबला. "कवा?"

"तिनं शेवटचं पुजलं, त्याच्या आधीच."

"म्हंजी एप्रिल एप्रिल म्हणत हुतास, ते..." म्हाताऱ्यानं विचारलं, "तिला कळलं हुतं का?"

"न्हाय."

"बरं झालं," गेणबा म्हणाला, आणि त्यानं कार्डावर हळदकुंकू वाहिलं. "तिचा लई भरवसा हुता तुझ्यावर."