मोकळा तास

लेकीने चारही फाइली बाकावर आपटल्या. आवाज जरा जास्तच झाला, म्हणून मग त्या उगाच सरळ करून ठेवल्या. फुप्फुसाचे डॉक्टर नुकतेच म्हणाले होते, आधी आतड्याची गाठ काढा, मग माझं बघू. आतड्याचे सर्जन हृदयवाल्यांच्या परवानगीशिवाय सुरीला हात लावायला तयार नव्हते. हृदयवाल्यांना त्याआधी एक तपासणी हवी होती. तिच्यातलं औषध किडन्यांना झेपेल का, हे किडनीवाल्यांनी सांगायचं. आणि किडनीवाले म्हणत, फुप्फुसाचं काय ठरतंय ते आधी कळू दे.

दोन महिने ही टोलवाटोलवी चालली होती. एकाच माणसाला एकाच वेळी दोन कॅन्सर, तेही एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले. त्यात अर्ध्या ताकदीवर चालणारं हृदय आणि थकलेल्या किडन्या. गाठी काही कुणाच्या सहीसाठी थांबणार नव्हत्या. लेकीला डॉक्टरांचा संताप यायचा, आणि त्याहून जास्त वडिलांचा. हा माणूस चक्क मजेत बसलेला असे. मांडीवर वही, हातात पेन्सिल आणि नजर डॉक्टरांच्या दारांवर.

"बाबा, माझ्या चपला झिजल्या इथे, आणि तुम्ही रेघोट्या मारताय?"

"वेळापत्रक आहे," ते म्हणाले.

निवृत्त होईपर्यंत सव्वीस वर्षं शाळेचं वेळापत्रक त्यांनीच लावलं होतं. बत्तीस शिक्षक, अठरा वर्ग, आणि एकाच तासाला कुणी दोन वर्गांवर जाता कामा नये. आता वहीत चार डॉक्टरांचे चार रकाने होते. मंगळवारी साडेबारा ते एक, चौघेही याच मजल्यावर आणि चौघेही मोकळे. एवढी साधी गोष्ट दोन महिन्यांत इथल्या कुणालाही दिसली नव्हती. लेकीने ते पान सर्जनच्या नर्सला दाखवलं. नर्सने कपाळावर हात मारला आणि फोन उचलला.

मंगळवारी चौघे एका टेबलाभोवती बसले. बापलेक समोर. पहिली दहा मिनिटं पुन्हा तेच, आधी तुम्ही, आधी तुम्ही. मग किडनीवाल्यांनी त्या औषधाशिवाय भागेल अशी दुसरी तपासणी सुचवली आणि अडलेलं घोडं हललं. फुप्फुसाची गाठ लहान होती; तिच्यासाठी भूल न देता किरणांच्या पाच बैठका. आतड्यातून रक्त जात होतं, म्हणून किरणांपाठोपाठ, आजपासून तिसऱ्या आठवड्यात ऑपरेशन, गुरुवारी. ऑपरेशनच्या टेबलावरच काही होऊ शकतं, हे हृदयवाल्यांनी स्पष्ट सांगितलं. पण थांबण्यात त्याहून जास्त धोका होता.

"गुरुवार नको," बाबा म्हणाले.

सर्जन फक्त गुरुवारीच ऑपरेशनं करत. लेकीचं डोकं फिरलं. चौघांना एका खोलीत आणायला दोन महिने घालवले, आणि आता यांचं हे! तिने दातओठ खात कारण विचारलं.

बाबांनी वही तिच्याकडे फिरवली. चार रकान्यांशेजारी आता पाचवा आखलेला होता, तिचा. सकाळपासून रात्रीपर्यंत सगळी घरं बारीक अक्षरात भरलेली: ऑफिस, रक्ततपासणी, फाइली, औषधं, स्वयंपाक, पुन्हा फाइली. फक्त गुरुवारच्या दुपारी लिहिलं होतं, 'मोकळा तास'. त्या वेळी आपल्यापाशी बसायला त्यांनी शेजाऱ्यांना परस्पर सांगूनही ठेवलं होतं.

"मोकळा तास नसलेलं वेळापत्रक मी आजवर कुणाला दिलेलं नाही," ते म्हणाले.

ती वही भिरकावून द्यावी असं लेकीला वाटलं. रडूही येत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता. तिने त्यांच्या शर्टाच्या खिशातला खोडरबर काढला, ते दोन शब्द खसाखसा खोडले आणि तिथे लिहिलं, 'ऑपरेशन'.

"काढून घेतलेला तास पुढे भरून द्यावा लागतो," बाबा नाराजीने म्हणाले. "नियम आहे."

"मग द्या भरून," ती म्हणाली. "त्यासाठी तुम्ही असायला हवं."

चारही डॉक्टर आपापल्या कागदांत बघत होते. बाबांनी वही ओढून घेतली, पान उलटलं, आणि पट्टी नव्हती म्हणून फाइलीच्या कडेने पुढच्या महिन्याच्या रेघा आखायला घेतल्या.