चौकशीबाईंचं बुकिंग

"तुमच्या नावाची खोली नाही," हॉटेलच्या काउंटरवरचा टायवाला म्हणाला, आणि चौकशीबाईंनी समोरची कडच घट्ट धरली.

खोली नाही म्हणून नव्हे हो. खोलीचं काय मेलं! वेळ पडली तर बाई बाकड्यावर आडव्या झाल्या असत्या. कड धरली ती 'नाव' ऐकून. एका मोठ्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं त्या चौकशीच्या खिडकीमागे बसल्या होत्या. कुठला पेशंट कुठल्या वॉर्डात, कुणाला घरी सोडलं, कुणाला वर हलवलं, सगळं त्यांच्या यादीत. त्यांचं खरं नाव पेन्शनच्या कागदावर तेवढं उरलं होतं, एरवी सगळ्या जगाला त्या चौकशीबाई. यादीत नाव नसलं की काय होतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? काही होत नाही. 'नाव नाही, पुढे व्हा' एवढंच म्हणायचं, आणि विचारणारं माणूस मुकाट्याने निघून जातं.

आणि आज पाच वाजता याच काउंटरवर येऊन त्यांची लेक त्यांचं नाव विचारणार होती. अकरा वर्षांनी.

"नीट बघा," बाई म्हणाल्या. प्लास्टिकच्या पिशवीतला कागद त्यांनी काउंटरवर ठेवला आणि त्यावरच्या आकड्यावर बोट आपटलं. "तीन महिन्यांपूर्वीचं बुकिंग आहे. हा नंबर. ही तारीख. आजचीच आहे ना? का तुमच्याकडे तारखासुद्धा वेगळ्या असतात?"

त्यांचं इंग्रजी खिडकीपुरतं, टायवाल्याचंही काउंटरपुरतं. त्यामुळे दोघांचं बरं जमत होतं. त्याने कागद पाहिला, पडद्यावर पाहिलं, मग चेहरा असा काही पाडला की बाईंनी मनात म्हटलं, आता हा 'सिस्टिम' म्हणणार.

"सिस्टिममध्ये थोडी अडचण झालीय," तो म्हणाला.

चोराच्या वाटा चोराला ठाऊक! बाईंनी स्वतः हा शब्द किती लोकांच्या तोंडावर मारला होता.

खोदून खोदून विचारल्यावर घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. दातांच्या डॉक्टरांचं कसलंसं संमेलन होतं, ते एक दिवस लांबलं. डॉक्टर काही खोल्या सोडायला तयार नाहीत. मग कुणाला उठवायचं? जे अजून आलेच नाहीत त्यांना. बाईंचं बुकिंग परस्पर नदीपलीकडच्या दुसऱ्या हॉटेलात ढकललं होतं. तेही यांच्याच मालकाचं. खोली मोठी, नाश्ता फुकट, गाडीने सोडायची सोय. अर्ध्या तासाचा तर रस्ता.

"म्हणजे माझं नाव आता तिकडच्या यादीत?"

"हो, हो! अगदी!" टायवाला खूश झाला. त्याला वाटलं, म्हातारीला पटलं.

"आणि इथे कुणी माझं नाव विचारलं तर?"

"इथे तुम्ही नाही म्हणून सांगू," तो म्हणाला. अगदी साधेपणाने म्हणाला बिचारा.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

आता ही गोष्ट सरळ सांगितलेली बरी, कारण बाई ती कुणालाच सरळ सांगत नसत. अकरा वर्षांपूर्वी लेकीने परस्पर लग्न ठरवलं. मुलगा बाईंना पसंत नव्हता. का, ते विचारू नका. बाईंनाही धड सांगता यायचं नाही. 'मला न विचारता' एवढंच खरं कारण. तरी शेवटी येते म्हणाल्या. रजिस्ट्रारच्या कचेरीत अकराची वेळ होती. बाई नवे कपडे घालून बसस्टॉपपर्यंत गेल्या, एक बस सोडली, दुसरी सोडली, तिसरीला पाय उचलला आणि परत खाली ठेवला. गेल्या घरी! अहंकार, दुसरं काय. लेक तिथे थांबली होती. मग संध्याकाळी बाईंनी धाकट्या बहिणीकरवी निरोप धाडला, 'मी आले होते, बस चुकली म्हणून उशीर झाला, तोवर तुम्ही निघून गेला होतात.' लेकीने ते ऐकून घेतलं आणि परदेशी निघून गेली ती गेलीच. फोन नाही, पत्र नाही. बाईंचा नवरा वारला तेव्हाही चार ओळी आल्या त्या मावशीच्या नावाने.

या वर्षी मावशीनेच दोघींच्या मध्ये पडून पडून हे जमवलं होतं. बाईंनी लेकीच्या परदेशातल्या गावी यायचं, हॉटेलात उतरायचं. लेकीची अट एकच होती. मी हॉटेलात येईन, तिथे तिचं नाव विचारीन. असली तर असली. नसली तर परत हा विषय माझ्याकडे काढायचा नाही.

नंबर तिने दिला नव्हता. तो मावशीपाशी.

"मला एक फोन करू द्या," बाई म्हणाल्या. त्यांचा मोबाइल इथे नुसता घड्याळापुरता राहिला होता आणि हॉटेलचं वायफाय उघडायला खोलीचा नंबर लागत होता. आता बोला! टायवाल्याने काउंटरवरचा फोन पुढे सरकवला. घंटी वाजली, वाजली आणि बंद झाली. परत केला. परत तेच. तिसऱ्यांदा तर बहिणीने फोन कटच केला, आणि बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. परदेशी नंबर उचलायचा नाही, उचलला की बँकेतलं खातं रिकामं होतं, हा मेसेज मागच्याच महिन्यात त्यांनीच तिला पाठवला होता. वर 'अक्कल गहाण टाकू नकोस' असंही लिहिलं होतं. एरवी मोठ्या बहिणीचा एक शब्द न ऐकणारी बया, हाच नेमका ऐकायचा होता तिला!

साडेअकरा वाजले होते.

"हे बघा," बाई टायवाल्याला म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांच्याच कानाला परका वाटला, कारण खिडकीच्या या बाजूने त्या कधी बोलल्या नव्हत्या. "खोली देऊ नका. नाश्ता देऊ नका. फक्त माझं नाव त्या यादीत घाला. पाच वाजेपर्यंत. एक बाई येऊन विचारील, तिला 'आहे' म्हणा. बस्स."

"खोलीशिवाय नाव घालता येत नाही, मॅडम."

"का नाही येत?"

"सिस्टिम घेत नाही."

तो खरं बोलत होता. बाईंना ते कळलं, म्हणून तर जास्त धडकी भरली. लबाड माणसाशी भांडता येतं, यादीशी कसं भांडणार? त्यांना एकदम खिडकीपाशी उभे राहिलेले लोक आठवले. 'बाई, परत एकदा बघा ना' म्हणणारे. त्या परत बघायच्या नाहीत. बघितल्यासारखं करायच्या, पान उलटायच्या, मान हलवायच्या.

टायवाल्याने शेवटी एक पिवळी चिठ्ठी लिहिली आणि पडद्याच्या कडेला चिकटवली. बाईंचं नाव, आणि पुढे 'लॉबीत बसल्या आहेत'. माणूस वाईट नव्हता. पण चिठ्ठीचं आयुष्य किती असतं हे बाईंना पाठ होतं: ड्यूटी बदलेपर्यंत.

"तुमची ड्यूटी किती वाजता सुटते?"

"तीनला."

झालं! म्हणजे शेवटचे दोन तास देवाच्या भरवशावर.

बाई दारासमोरच्या सोफ्यावर पाय रोवून बसल्या. एक वाजला. दातांचे डॉक्टर जेवायला गेले. बाईंनी पर्समधली दोन बिस्किटं खाल्ली, पाणी मात्र घोटभरच प्यायल्या; उगाच उठायला लागायला नको. दर वेळी काचेचं दार सरकलं की बाई अर्ध्या उठायच्या. लेक आता कशी दिसत असेल? लांब वेणी होती. चालताना डावा खांदा जरा वर. ओळखू येईल ना? नाही कशी येणार, पोटची पोर आहे! पण आपण ओळखू येऊ का? केस पांढरे झाले, अंगाने अर्ध्या झालो.

दोन वाजता मॅनेजर आला. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. गाडी तयार आहे, सामान चढवलं आहे, आपण निघावं.

"सामान चढवलं? कुणाला विचारून?"

"आपल्या सोयीसाठी."

"सामान जाऊ दे. मी येत नाही."

"मॅडम, लॉबी पाहुण्यांसाठी आहे."

"मग मी कोण आहे? पैसे घेताना पाहुणी, आणि खोली द्यायच्या वेळी कोण ही म्हातारी?" बाईंचा आवाज चढला. दोन डॉक्टर वळून बघायला लागले. "पोलिसांना बोलवायचंय? बोलवा. त्यांनाही हा कागद दाखवते. पण पाच वाजून गेल्याशिवाय मी इथून हलायची नाही."

मॅनेजरने चारचौघांत तमाशा नको म्हणून माघार घेतली. मात्र जाता जाता दारासमोरचा सोफा त्याने सोडवलाच. बाईंना मागच्या कोपऱ्यात, एका भल्यामोठ्या कुंडीआड बसवलं. गाडी त्यांची बॅग घेऊन नदीपलीकडे गेली. चार दिवसांचे कपडे, चष्म्याचा दुसरा जोड, सगळंच. जाऊ दे.

तीनला टायवाला गेला. जाताना त्याने नव्या मुलीला चिठ्ठी दाखवली, बाईंकडे बोटही केलं. नव्या मुलीने मान डोलावली. बाईंना ते मान डोलावणं चांगलं ठाऊक होतं, ऐकून न ऐकल्याचं. त्या पंधरा-पंधरा मिनिटांनी उठून काउंटरपाशी जात आणि आपलं नाव सांगत. चौथ्या खेपेला त्या मुलीने मान वर न करताच "हो, हो" म्हटलं.

सव्वाचारला मात्र निसर्गाने घात केला. सकाळपासून धरून ठेवलेलं आणखी किती धरणार? बाई जवळजवळ पळतच गेल्या आणि ओल्या हातांनी पळतच आल्या.

"कुणी आलं होतं?"

"एक बाई आल्या होत्या," मुलगी म्हणाली.

"कोण? काय विचारलं? गेली?"

"टॅक्सीचं विचारत होत्या. तुमच्याच वयाच्या होत्या."

बाई मटकन बसल्या. मनात आलं, असंच होणार. करावं तसं भरावं. पोरीला दिवसभर ताटकळत ठेवलंस ना, आता भोग.

पाच वाजले. पाच-पाच. पाच-दहा. बाई कुंडीमागून मान लांब करकरून बघत होत्या. मान आखडली. पाच-वीसला संमेलन सुटलं आणि दातांचे डॉक्टर बॅगा सावरत, हसत-खिदळत, लोंढ्याने आत आले. दार दिसेना, काउंटर दिसेना. बाई उठून उभ्या राहिल्या, टाचा उंचावल्या. नुसती डोकी!

गर्दीच्या फटीतून काउंटरपाशी उभी असलेली एक बाई दिसली. राखाडी कोट, मानेपर्यंत कापलेले केस. कुणीतरी इथलीच. पडद्यामागच्या मुलीने काहीतरी टाइप केलं, पडद्याकडे पाहिलं आणि मान हलवली. पडद्याची कड रिकामी होती. चिठ्ठी कधीच गळून पडली होती.

कोटवाल्या बाईने दुसऱ्यांदा विचारलं नाही. ठीक आहे, असं मानेनेच म्हणून ती वळली. डावा खांदा जरा वर.

"ठके!"

असला आवाज त्या लॉबीत कधी कुणी काढला नसेल. डॉक्टरमंडळी जागच्या जागी थबकली. "अगं ठकू! आहे मी! इथे आहे, इथे!" बाई लोकांना कोपरांनी ढकलत निघाल्या, कुणाची तरी बॅग पडली, कुणाच्या तरी पायावर पाय पडला. ठकू या नावाने त्या पोरीला जगात एकच माणूस हाक मारत असे. ती दारात थांबली होती. वळायला मात्र तिने वेळ लावला.

जवळ गेल्यावर बाईंना कळेना काय करावं. हात पुढे केले ते तसेच राहिले.

"नाही म्हणाले तुझं नाव," लेक म्हणाली. आवाज कोरडा होता. "दुपारी फोन केला होता, तेव्हाही हेच सांगितलं."

"दुपारी? मग आलीस कशी?"

"डोळ्यांनी बघायला. तू नाहीस ते. एकदा बघितलं की डोक्यातली कटकट संपेल म्हटलं."

बाईंच्या पर्समध्ये कागद होता. नंबर, तारीख, शिक्का, सगळं. डॉक्टर समोर उभे होते, ती मुलगी होती, मॅनेजर होता. या वेळी खरंच त्यांचा दोष नव्हता, आणि सिद्ध करायला अख्खं हॉटेल साक्षीला होतं. पर्सच्या चेनपाशी हात गेलासुद्धा. बाई बोलणार होत्या, 'अगं, मी सकाळपासून इथेच आहे, यांनीच घोळ घातला'. पण लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना जाणवलं, अगदी असंच एक वाक्य आपण मागे एकदा हिला धाडलंय. ती तेच ऐकायच्या तयारीने उभी आहे.

त्यांनी पर्सवरचा हात काढला.

"त्या दिवशी मी आले नव्हते गं," बाई म्हणाल्या. "बस चुकली नव्हती. तीन बसा सोडल्या मी. मुद्दाम."

मागे दार उघडत होतं, मिटत होतं. बाईंना वाटलं, आता जाईल. गेली तर जाऊ दे, तिचा हक्कच आहे तो.

"माहितेय," लेक शेवटी म्हणाली. तिचा आवाज फाटला. "शिपायाने कचेरीला कुलूप लावेपर्यंत मी पायरीवर बसले होते, आई. तू आली असतीस तर दिसली नसतीस का?"

बाईंनी नुसती मान हलवली. रडू आलं आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही.

लेकीने त्यांच्या दंडाला धरलं, जरा जोरातच धरलं, आणि डॉक्टरांच्या गर्दीतून वाट काढत त्यांना कुंडीमागच्या सोफ्याकडे नेलं. तिने कोट काढला नाही. बाई बसल्या. त्यांच्या शेजारी जागा होती, तरी ती थोडा वेळ उभीच राहिली.

"सरक जरा," ती म्हणाली.