मुद्दाम सोडलेला पीस

आमच्या अप्पांना दुकानदाराने नारळ वाजवून दिला, तरी घरी आल्यावर ते तो पुन्हा वाजवून बघणार. तारापूरच्या एका पाइपच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म तयार माल तपासला. रिटायर झाल्यावर तपासायला आई आणि मी एवढ्याच उरलो.

मग उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला, डाव्यातही सुरुवात झाली. तरी स्वारी स्कूटरवरून बोईसरच्या बाजारात जायचीच. एकदा बेटेगावला रस्त्याच्या कडेच्या म्हशीला "सरक की गं" म्हणून हॉर्न देत राहिले. ती म्हैस म्हणजे काळ्या ताडपत्रीने झाकलेली मोटारसायकल होती. आई हसून हसून लोळली. माझ्या मनात मात्र एकच: उद्या समोरून ट्रक आला तर?

"अप्पा, ऑपरेशन करून टाका ना."

"परकी वस्तू डोळ्यात बसवायची, अन् तिनं दगा दिला तर? भाकरीतला खडा थुकता येतो, पोरी. भिंग कसं थुकू?"

आता गंमत बघा, मी पोटासाठी नेमकं हेच तपासते. कुंभवलीजवळच्या एका लॅबमध्ये, कृत्रिम भिंग शरीराला मानवतं का, याच्या चाचण्या करते. भिंग द्रवात ठेवायचं, तो द्रव बशीतल्या जिवंत पेशींवर घालायचा, आणि पेशी तगतात की मरतात ते बघायचं. मी ऐटीत तीन बशांचे मायक्रोस्कोपमधले फोटो अप्पांच्या मोबाइलवर धाडले. कुठल्या बशीत काय, खाली एक अक्षर लिहिलं नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा!

घरी पोचले तेव्हा अप्पा जेवत होते. डाव्या डोळ्याशी मोबाइल धरलेला.

"दोन बशीत जीव हाय. तिसरीत समद्या मेल्या. म्हंजे अख्खा माल परत!"

"अहो, तिसरीत भिंग नव्हतंच! विषारी रबर होतं. आम्हीच घातलेलं, मुद्दाम."

"मुद्दाम कोण इख घालतं? सारवासारव करायलीस का?"

माझं डोकं फिरलं. मी वाट्टेल ते बोलले आणि बोलता बोलता रडायलाच लागले. अप्पा शांतपणे वांग्याच्या भाजीत भाकरी कुस्करत होते. मी त्यांच्या समोर, हातभर अंतरावर मुकाट रडत होते आणि त्यांना ते दिसत नव्हतं. तेव्हा मला खरी भीती वाटली.

आईने तवा उतरवला. "काय हो, तुमी नव्हता का चांगल्या पाइपात एक चिरलेला पाइप सोडत? तपासणारी पोरं जागी हायती का बगायला? दर रविवारी तेच तर सांगता."

अप्पांचा घास हातातच राहिला.

"अपेक्षा, पोरी, त्या तिसऱ्या बशीतल्या मेल्या नसत्या तर?"

"तर आमची चाचणीच झोपलेली. सगळा निकाल रद्द, पुन्हा पहिल्यापासून."

"आरं तिच्या! तुमी पन रिजेक्ट पीस सोडता व्हय!" अप्पा असे खुलले, जणू लॅब त्यांनीच काढली होती. "आधी सांगायचं की. घे तारीख."

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून डॉक्टरीणबाईंनी अक्षरांचा तक्ता दाखवला. अप्पा धडाधड वाचत गेले आणि एका मोठ्या, ठळक अक्षराला चुकले. डॉक्टरीणबाई चटकन पुढे वाकल्या. "काका, ते पुन्हा वाचा बघू."

अप्पांनी बरोबर वाचलं आणि मिश्कील हसले. "काय नाय, तुमी जाग्या हाव का बगायलो होतो."

डॉक्टरीणबाई खो खो हसल्या. मला मात्र असा संताप आला, की डोळे भरून आले. मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"रडू नगं," मागून अप्पा हळूच म्हणाले. "दिसायलंय मला."