खिडक्यांची मापं

खाली, स्वयंपाकघर. रुंदी छत्तीस, उंची बेचाळीस.

टेपचं टोक दातांत धरून तिने आकडे वहीत उतरवले आणि मग खिडकी उघडली. समोरची टेकडी हिरवी घसरत थेट दरीत गेली होती. खालच्या कौलांवर एक ढग टेकून बसला होता. तिने तो जेमतेम पाहिला. चौकट डावीकडे अर्धा इंच झुकली होती, तिची नजर तिथे.

"लोक इथे डोंगर बघायला येतात," मुलगा घरमालकांना म्हणाला, "आमच्या आईला चौकट दिसते."

घरमालक हसले. तीही हसली. चाळीस वर्षं तिने शहरभरच्या खिडक्यांना पडदे शिवले होते आणि तिच्या स्वतःच्या दोन खोल्यांना मिळून खिडकी एकच. इथे खाली-वर धरून पाच. उद्या अकरा वाजता ती त्या दोन खोल्यांच्या विक्रीवर सही करणार, त्यातून हे घर घ्यायचं. वर मुलगा, सून, नात. खाली ती, गुडघ्यांमुळे. सगळं बोलून झालं होतं.

खाली, तिची खोली. रुंदी अठ्ठेचाळीस, उंची चौपन्न.

पलंग कुठे, मशीन कुठे, हे मुलाने हातांनी हवेत आखून दाखवलं. मशीनवर उजेड डावीकडून पडायला हवा, हे त्याच्या लक्षात होतं. तिला बरं वाटलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. रेंज शोधत तो फाटकाकडे निघाला आणि जाता जाता म्हणाला,

"वर नको चढूस. गुडघे धरतील. वरचं नंतर बघू."

वर, नातीची खोली. रुंदी

ती कठडा धरून चढलीच. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. नातीसाठी पिवळ्या चिमण्यांचं कापड घरी आणून ठेवलं होतं, ते पुरतंय की नाही एवढंच बघायचं होतं. चौकटीला टेप लावली आणि हात थांबला. आतल्या कडेला पेन्सिलीने लिहिलं होतं. साठ. त्याखाली अठ्ठेचाळीस. त्याखाली, चुण्यांसाठी दुप्पट.

घर बांधणारा असं लिहीत नाही. पडदे शिवणाराच लिहितो. चिठ्ठी हरवते, चौकट जागेवर राहते. तीही असंच लिहायची.

वर, दुसरी. पेन्सिल.

वर, तिसरी. पेन्सिल.

घरमालक मागोमाग वर आले होते. आधी दुसरं कुणी घर बघून गेलं का, तिने विचारलं.

"छे हो, ताई. परवा तुमच्या मुलानेच माणूस आणला होता. वर सगळीकडे एकसारखे पांढरे पडदे म्हणाला. पाहुण्यांच्या खोल्या ना."

पुढचंही त्यांनीच सांगितलं, अगदी कौतुकाने. सुट्टीत लोक येतील, भाडं देऊन दोन-दोन दिवस राहतील, जातील. सूनबाईंना शहर सोडवत नाही, मुलीची शाळाही तिकडेच, ते बरोबरच आहे.

"तुम्ही खाली असणार म्हणून तर जमलं. किल्ल्या द्यायला-घ्यायला घरचं माणूस लागतंच."

ती टेप गुंडाळू लागली. टेप हातातून सुटली आणि उलगडत चार पायऱ्या खाली गेली. ती उचलायला घरमालक वाकले, त्यांना तिने वाकू दिलं.

गाडीत.

मुलाने मापं झाली का विचारलं. झाली, ती म्हणाली. तीन वळणं गेली.

"वरच्या खोलीला कुठलं कापड लावू?"

"तू आणलंयस ना, चिमण्यांचं," रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "तेच शीव. खूश होईल ती."

घाट संपेपर्यंत तो बोलत होता. हवा, पाणी, शांतता. ती मांडीवरच्या वहीचा कोपरा दुमडत होती, उलगडत होती.

घर. खिडकी एकच. माप घ्यायला नको.

बांधाबांध झाली होती. पडदा धुऊन, घडी करून खोक्याच्या तळाशी गेला होता. तिने खोक्याची दोरी सोडली, वरची भांडी बाजूला काढली आणि पडदा दांडीत ओवायला घेतला. पिशवी घेऊन वर आलेला मुलगा दारातच थांबला.

"हे काय? उद्या काढावाच लागेल ना तो."

तिने खुर्चीवर चढून दांडी खुंट्यांवर बसवली. मग खाली उतरून, एकेक चूण बोटांनी सारखी करत म्हणाली,

"अकराला इथे ऊन येतं."